विंचू, काळीज आणि एक गोळी

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझी रक्तदाबाची गोळी बदलली. पेणच्या दुकानातून स्ट्रिप आणली, चष्मा लावून नाव वाचले, 'प्रॅझोसिन', आणि मी म्हणालो, "अरे, ही तर विंचवाची गोळी!" घरच्यांना वाटले, म्हातारा गोळी घेण्याआधीच चळला. म्हणून ही हकीकत लिहितो.

आमच्या लहानपणी रोह्याकडच्या खेड्यांत विंचू म्हणजे नेहमीची गोष्ट. कौलांत, लाकडांच्या ढिगात, पेंढ्यात, नाहीतर सकाळी पायात घालायच्या वहाणेत. मोठा काळा विंचू चावला की रात्रभर ठणका, पण माणूस वाचायचा. धास्ती होती ती लहानशा लाल विंचवाची. माझ्या वर्गातल्या एका मुलाला तो चावला. उतरवणारा आला, मंत्र झाला, ठणका थांबला. "उतरलं," म्हणून सगळे निजले. पहाटे पोराचे हातपाय गार पडले, तोंडाला फेस आला आणि उजाडायच्या आत तो गेला. विष मस्तकात चढले, असे मोठी माणसे म्हणाली.

ते मस्तकात नव्हे, काळजावर गेले होते. हे नीट उलगडले आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळ. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली पोरे येत, तेव्हाच्या रिवाजाची इंजेक्शने दिली जात, तरी गंभीर झालेल्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. बावस्कर रोग्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपत राहिले.

त्यातून दिसले ते असे. लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतू चेकाळतात. आधी दरदरून घाम आणि ओकाऱ्या. मग शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता धडधाकट हृदयही थकते, फुप्फुसांत पाणी भरते. तो फेस त्याचाच. आणि माझ्या मनाला लागलेली गोष्ट म्हणजे, ज्याला विष फार भिनले त्याला दंशाच्या जागी ठणका कमीच असतो. रोगी सावरू लागला की ठणका परत येतो! आम्ही त्या रात्री ठणका थांबला म्हणून निर्धास्त झालो होतो.

या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. पण उपाय काय? रक्तदाबासाठी वापरात असलेली प्रॅझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे नेमकी विषाच्या उलट दिशेने जाते. त्यांनी ती पोटातून दिली, हृदयावरचा भार उतरला. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. ना मोठे यंत्र, ना शस्त्रक्रिया. (घरच्या घरी मात्र कुणी ही गोळी देऊ नये, रोगी सरळ दवाखान्यात न्यावा.)

पुण्यात एम.डी. करूनही डॉक्टर महाडलाच परतले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी तिथेच रोगीही पाहिले आणि संशोधनही केले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा ७० रोग्यांवरचा अभ्यास आला. नुसत्या प्रॅझोसिनने दहा तासांत ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले होते. जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिलेल्या ३५ पैकी ३२. आपल्याच औषधाच्या पुढचे औषध आपणच तपासायचे, हे मला फार आवडले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

असो. पहिल्या गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रात्री निजताना घ्या आणि अंथरुणातून सावकाश उठा, असे माझ्या डॉक्टरांनी बजावले आहे. विंचू चावलेल्या पोरालाही गोळी दिल्यावर याच कारणाने आडवेच ठेवतात. वहाणा मी अजूनही झटकूनच घालतो.