गळा आणि गज

गजाननबुवा जोशी यांचं नाव निघालं की जाणकार लगेच त्यांच्या शिष्यांकडे वळतात. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे... यादी दांडगीच आहे. मग शेवटी ‘बुवा व्हायोलिनही वाजवीत’. त्या ‘ही’बद्दल माझी तक्रार आहे. मी गाणं कुणाकडे शिकलेलो नाही; ऐकत, वाचत, टिपणं काढत जे हाती लागलं त्याच्या बळावर हे लिहितो आहे.

बुवांचा जन्म १९११चा. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, त्यामुळे ग्वाल्हेरची तालीम घरातच. पुढे बुवांनी आग्र्याची विद्या विलायत हुसेन खाँकडून घेतली, जयपूरची भूर्जी खाँकडून. आणि तरी तीन घराण्यांची खिचडी झाली नाही. प्रत्येकाची चाल त्यांच्याकडे वेगळी राहिली. हे साधलं कसं?

मला वाटतं, उत्तराचा एक धागा व्हायोलिनमध्ये आहे. बुवा नामवंत गवयांच्या साथीला बसत. साथीदाराने गवयाची पुढची जागा ओळखायची, पण त्याच्या आधी तिथे पोचायचं नाही. तिथे आपलं घराणं मिरवून चालत नाही, दुसऱ्याचं कानात साठवावं लागतं. वाद्यही तसंच. सतारीसारखे पडदे नाहीत, पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. कान सांगेल तिथे बोट पडणार. (१९४०मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, तेव्हा तिला मींड येत नाही हा एक मोठा आक्षेप होता. व्हायोलिनवर तो घेता येत नाही.) ‘गायकी अंगाचं वादन’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. इथे गवईच गज धरून बसला होता.

मग हे वादक बुवा हरवले कुठे? साथीची ध्वनिमुद्रणं गवयाच्या नावाने ठेवली जातात. डबीवर राग असतो, तारीख असते, साथीदाराचं नाव बहुधा नसतं. एकदा एका संग्रहात मी दिवसभर टेपा चाळल्या. व्हायोलिन स्पष्ट ऐकू येत होतं आणि वहीत त्यापुढचा रकाना कोरा.

बुवा १९८७मध्ये गेले. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर त्यांच्या साथीची टेप असेल, तर डबीवर त्यांचं नाव आजच लिहून ठेवा. मला ऐकवलीत तर मी प्रवासखर्च करून येईन.