परचक्राचे नाट्य आणि कर्त्याचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील परचक्रावर आधारलेल्या दूरचित्रवाणी-मालिकांची परीक्षा बहुधा गणवेश, मोटारी व तिथी यांवरून केली जाते. ही परीक्षा आवश्यक असली तरी पुरेशी नव्हे. घटना यथातथ्य दाखवूनही तिचा कर्ता वगळला, तर इतिहासाचा विपर्यास होतो. ‘यहुदी पकडले गेले’ हे कर्मणी विधान खोटे नाही. परंतु कोणी पकडले, हे ते सांगत नाही.

फ्रान्सच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. १६ व १७ जुलै १९४२ रोजी पॅरिस व त्याच्या परिसरात सुमारे १३,००० यहुदी पकडले गेले. मागणी जर्मनांची होती. पकडणारे पोलीस फ्रेंच होते. युद्धोत्तर काळात हा कर्ता पडद्यावरून पुसला गेला. आलँ रेने यांच्या ‘रात्र आणि धुके’ (१९५६) या अनुबोधपटातील एका छायाचित्रात पितिव्हिए येथील छावणीवर पहारा करणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी परिनिरीक्षकांच्या आग्रहामुळे झाकावी लागली. सहकार्याचा विषय उघडपणे मांडणारा मार्सेल ऑफ्यूल्स यांचा ‘दुःख आणि करुणा’ हा अनुबोधपट १९७१ मध्ये चित्रपटगृहांत आला. फ्रेंच दूरचित्रवाणीवर तो १९८१ मध्ये दाखविला गेला. राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी १६ जुलै १९९५ रोजी मान्य केली.

या पार्श्वभूमीवर ‘एक फ्रेंच गाव’ (२००९–२०१७) या फ्रेंच मालिकेचे महत्त्व ध्यानात येते. तिच्यातील विल्नव्ह हे गाव कल्पित आहे. तथापि इतिहासकार झाँ-पिएर आझेमा यांचे मार्गदर्शन तिला लाभले होते. १९४२ सालच्या कथाभागात यहुदी कुटुंबे गावच्या शाळेत कोंडली जातात. पहाऱ्यावर फ्रेंच शिपाई असतात. अन्नपाण्याची व कागदपत्रांची व्यवस्था फ्रेंच अधिकारी पाहतात. स्थळ कल्पित, परंतु कर्ता खरा, असे हे चित्रण होय.

मालिकेची मर्यादाही येथेच आहे. अधिकाऱ्यांची अगतिकता प्रेक्षक वर्षानुवर्षे जवळून पाहतो. बंदिवान कुटुंबांचा सहवास त्याला काही भागांपुरताच घडतो. कर्त्याचे मन उलगडता उलगडता त्याच्या कृत्याचे ओझे हलके होण्याचा संभव असतो. समजून घेणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे, हा विवेक अभ्यासकाने सोडू नये. पोशाख व दिनांक तपासावेतच. परंतु त्याआधी प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा.