ठिगळांचे व्याकरण

'पॅच' म्हणजे ठिगळ. आपल्याकडे ठिगळ ही दारिद्र्याची खूण मानली जाते. मुक्त संगणकप्रणालींच्या जगात मात्र ठिगळ हेच रचनेचे एकक आहे. मूळ संहितेतील काही ओळी काढून त्या जागी दुसऱ्या घालाव्यात, एवढी सूचना देणारा मजकूर म्हणजे पॅच. असा मजकूर कोणी, कसा आणि कोणत्या जबाबदारीने पाठवावा याचे नियम लिहिणे हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहिलेले नाही, याचे आम्हांस थोडे आश्चर्य वाटते.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नेल, पुढच्याच वर्षी जीपीएल परवान्याखाली आला. अनोळखी माणसे दुरुस्त्या पाठवू लागली आणि नियमांची गरज भासली. नव्वदीच्या दशकात टोरवाल्ड्स यांनी लिहिलेली 'कोडिंगस्टाइल' ही टिपणी वाचताना प्रथम जाणवतो तो तिचा स्वर. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाच्या लेखननियमांची एक प्रत छापून घ्या, ती न वाचता जाळा, असे ती सुरुवातीलाच सुचवते. एखाद्या वाङ्मयीन जाहीरनाम्यात शोभावा असाच हा आवेश. समास आठ अक्षरांचा हवा, तीनपेक्षा अधिक पायऱ्या आत जावे लागत असेल तर दोष तुमच्या रचनेतच आहे, असे तिचे म्हणणे. शेऱ्यांविषयीचा नियम तर टीपाकारांनीही ध्यानात घ्यावा: संहिता काय करते ते सांगा, कसे करते ते सांगत बसू नका, ते सांगावे लागत असेल तर संहिताच पुन्हा लिहा.

दुसरा दस्तऐवज 'सबमिटिंगपॅचेस'. एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल असावा आणि आधी अडचण काय होती ते सांगावे, हे नियम कोणाही चांगल्या संपादकाला पटतील. मराठीच्या अध्यापकाला मात्र त्यातील एक व्याकरणिक नियम विशेष भावतो. बदलाचे वर्णन आज्ञार्थात लिहावे! 'मी अमुक सुधारले' असे नव्हे, 'हा पॅच अमुक सुधारतो' असेही नव्हे. 'अमुक सुधार' असे, जणू आपण संहितेलाच आज्ञा देत आहोत. कर्ता पुसला जातो आणि क्रिया तेवढी उरते.

पण पुसलेला कर्ता लवकरच परत बोलवावा लागला. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आपल्या मालकीची युनिक्सची संहिता लिनक्समध्ये शिरली आहे, असे तिचे म्हणणे होते. हा कज्जा पुढे २०२१ पर्यंत रेंगाळला. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न साधा आणि गंभीर होता. हजारो हातांनी लिहिलेल्या या ग्रंथातील अमुक ओळ कोणाची, आणि ती देण्याचा त्याला अधिकार होता काय? मे २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी उत्तर म्हणून एक छोटे प्रमाणपत्र सुचवले. हे लेखन माझे आहे, किंवा योग्य परवान्याच्या लेखनावर आधारलेले आहे, किंवा अशीच ग्वाही देणाऱ्याने ते मला दिले आहे, एवढाच त्याचा आशय. ते मान्य असल्याची खूण म्हणून पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ घालून नाव लिहायचे. पॅच ज्यांच्या हातून पुढे जाईल त्यांनीही खाली आपापले नाव जोडायचे.

येथे आपल्या पोथ्यांच्या पुष्पिका आठवल्यावाचून राहत नाहीत. तेथे लेखनिक स्थळ-काळ आणि नाव नोंदवतो, आणि बहुधा जोडीला हात झटकतो: जसे पाहिले तसे लिहिले, दोष माझा मानू नये. लिनक्सची पुष्पिका नेमकी उलट्या दिशेने चालते. नाव लिहिले की दोष पत्करला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. तोही संहितेच्या रक्षणाचाच मार्ग, पण दार बंद करणारा. टोरवाल्ड्स यांना दार उघडे ठेवायचे होते. म्हणून त्यांनी उंबऱ्यावर नोंदवही ठेवली.

या नोंदवहीत दीर्घकाळ टोपणनावाला मज्जाव होता. म्हणजे कुसुमाग्रजांना वा ग्रेस यांना त्या नावांनी एक ओळही दुरुस्त करता आली नसती! २०२३ मध्ये ही अट सैल झाली. आता ओळखले जाणारे नाव पुरते. निनावी लेखन मात्र अजूनही चालत नाही.

लेखन कसे करावे आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे ठरले. एकमेकांशी बोलावे कसे, हे मात्र बराच काळ कोणी लिहिले नव्हते. टोरवाल्ड्स यांच्या जाहीर शिवराळपणाचे पूर्वी कौतुकही होई. त्याने किती जण मुकाट्याने निघून गेले याची नोंद मात्र कोणत्याच पुष्पिकेत सापडायची नाही. २०१५ मध्ये 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' नावाचा त्रोटक मजकूर आला. आमच्या मते तो कठोर टीका गृहीत धरण्यास शिकवणाराच अधिक होता. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ रजा घेतली. त्याच सुमारास कोरालाइन अडा एम्के यांनी २०१४ मध्ये सिद्ध केलेल्या 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट'वर आधारलेली आचारसंहिता कर्नेलने स्वीकारली. तिच्यावर वादळ उठले. गुणवत्तेचा ऱ्हास होईल, अशी भाकिते झाली. वाङ्मयीन नियतकालिकांतील वाद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती ओळखीची वाटतील.

'कोडिंगस्टाइल'मधील जीएनयूचे नियम जाळण्याची सूचना मात्र त्या साऱ्या वादळातूनही जागची हलली नाही.