निलीचे हेर आणि त्यांचं गाव

झिख्रोन याकोवला गेलं की आपली माणसं द्राक्षांचे मळे बघतात, वाईनची बाटली घेतात आणि परततात. त्याच गावात आरोनसोन कुटुंबाचं घर आहे. तिथे जरूर जा.

पहिल्या महायुद्धात हा मुलूख तुर्कांचा होता. 1915 साली टोळधाड आली, तेव्हा जमाल पाशाने बंदोबस्ताचं काम शेतीतज्ज्ञ आरोन आरोनसोन यांना दिलं. त्यामुळे त्यांना सगळीकडे फिरायची मुभा मिळाली, आणि पुढे अतलितच्या किनाऱ्यावरून इंग्रजांच्या बोटीला तुर्की फौजेच्या खबरा जाऊ लागल्या. टोळीचं नाव निली.

आरोनची बहीण सारा इस्तंबूलहून घरी येताना आर्मेनियन लोकांचे हाल डोळ्यांनी बघून आली होती. उद्या आपलीही तीच गत, असं तिला वाटलं. गावाला वाटलं, हिच्यामुळेच ती गत होईल. आमच्या मते दोन्ही भीती खऱ्या होत्या. 1917 च्या वसंतात तुर्कांनी याफोच्या यहुद्यांना घराबाहेर काढलंच होतं. मात्र निलीने चोरून आणलेलं मदतीचं सोनं पुढाऱ्यांनी घेतलं, हेही सांगायला हवं.

आपले पूर्वज कंपनीच्या पलटणीत होते, त्याचा आपल्याला अभिमान. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली मुंबईत पहिली मशीद बांधली, हे आपल्या मुलांना पाठ असतं. टिपूच्या लोकांना ते कोण वाटत असतील, हे आपण कधी विचारत नाही.

सप्टेंबर 1917 मध्ये निलीचं एक कबूतर तुर्कांच्या हाती लागलं. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी गावाला वेढा पडला. साराला चार दिवस मारहाण झाली. तिने नावं सांगितली नाहीत. लपवलेल्या पिस्तुलाने तिने स्वतःवर गोळी झाडली, तरी जीव गेला 9 तारखेला. असे दिवस किती लांब असतात, ते आम्ही वॉर्डात पाहिलं आहे. ती 27 वर्षांची होती.

साथीदार योसेफ लिशान्स्की निसटला. हाशोमेरच्या यहुदी पहारेकऱ्यांनी आधी त्याला लपवलं, मग ठार करायचं ठरवलं. तिथूनही तो पळाला, पण शेवटी तुर्कांच्या हाती पडला. 16 डिसेंबरला दमास्कसमध्ये त्याला आणि नामान बेल्किंडला फाशी दिलं. यरुशलायिम इंग्रजांनी घेऊन आठवडा झाला होता.

लिशान्स्कीला हर्झल टेकडीवर जागा मिळाली ती 1979 साली.