वऱ्हाडातल्या नद्यांमधून नाव का चालत नाही?

अमरावती-अकोल्याच्या नकाशावर नद्यांची कमी नाही. पूर्णा, वर्धा, काटेपूर्णा, मोर्णा, पेढी, सिपना. पण अकोल्याहून नावेने पुढच्या गावी जातो म्हटलं, तर लोक हसतील.

मुख्य कारण पाणी. या नद्यांना बर्फाचा आधार नाही, सगळी भिस्त पावसावर. पूर्णा आणि वर्धा दोन्ही बैतूलच्या डोंगराळ भागातून येतात. पूर्णा पश्चिमेला जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते, वर्धा आग्नेयेला वैनगंगेकडे वळते. म्हणजे एकाच अमरावती जिल्ह्यातलं पाणी अरबी समुद्रातही जातं आणि बंगालच्या उपसागरातही! पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात मधेमधे उरलेले डोह, अशा पात्रात बारमाही जलवाहतूक होणार कशी?

तरी एकदा तसा प्रयत्न झाला होता, आणि तो वऱ्हाडच्या कापसासाठी. रेल्वेआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर, बैलगाड्यांवर शेकडो मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावेने कोलकात्याला. त्यापेक्षा वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा जलमार्ग काढून माल थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, ही कल्पना इंग्रजांच्या डोक्यात आली. धरणं-कालव्यांसाठी प्रसिद्ध असलेले आर्थर कॉटन तिचे मोठे पुरस्कर्ते. पण वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते ओलांडायला बंधारे आणि कालवे बांधायला घेतले, भरपूर पैसा ओतला, आणि 1871 मध्ये काम सोडून दिलं. तोवर बडनेरा-अकोल्यावरून जाणारी रेल्वे 1867 सालीच नागपूरला पोचली होती. गाडी दारात आल्यावर नावेची वाट कोण बघणार?

2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यात पैनगंगा-वर्धाही आहे. पण यादीत नाव आलं म्हणून मालाच्या नावा सुरू होत नाहीत.

आज वऱ्हाडात नाव दिसते ती धरणात मासे धरणाऱ्या भोई-ढीवर बांधवांची, नाहीतर देवस्थानाला पलीकडे नेणारी. खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरुड तालुक्यातल्या श्रीक्षेत्र झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेले नातेवाईक तिच्यात होते. 11 जणांचा जीव गेला.

लहान नाव उलटते ती बहुधा वजनामुळे. माणसं जास्त झाली की नावेची कड पाण्यालगत येते. त्यात कुणी फोटोसाठी उठून उभं राहिलं, सगळे एका बाजूला सरकले, की तोल गेलाच. पावसाळ्यात ओढही जोरदार असते, मग पोहता येणाऱ्यालाही ती आवरत नाही.

1917 चा जुना कायदा जाऊन 2021 साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात इंजिन नसलेल्या नावांसाठीही तरतुदी आहेत. पण गावच्या घाटावर तपासायला कुणी उभं नसतं. तेव्हा नावेत पाय ठेवण्याआधी विचारायचं: किती जणांची नाव आहे, लाइफ जॅकेट आहेत का, वरच्या धरणातून पाणी सोडलंय का? जॅकेट नसेल तर काठावरूनच दर्शन घ्यावं. नदीला पूर असेल तर जॅकेट असूनही.