काचेची पेटी आणि मिशीवाला दादा

आजचा विषय जरा पाण्यातला आहे. फिश टँक ठेवणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "माझे दोन कॅटफिश एकमेकांना जगू देत नाहीत, काय करू?" उत्तरंही ठरलेली असतात. टँक मोठा घे, एकाला काढून टाक, आतले दगड हलवून बघ. पण हे मासे नेमके कशावरून भांडतात, हे माणसाला कधी आणि कसं कळलं, याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पावणेदोनशे वर्षांची ही गोष्ट लंडनमध्ये सुरू होते आणि आपल्या उजनी धरणापर्यंत येते.

बघणाऱ्यासाठी बनलेली पेटी

साल १८४९. लंडनमधला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन साधारण १२ गॅलनच्या, म्हणजे ५५ लिटरच्या, काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश सोडतो. सोबत व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि काही गोगलगायी. हिशोब सोपा होता. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेणार, वनस्पती ऑक्सिजन देणार, कुजलेली पानं गोगलगायी खाणार. प्रयोग जमला. १८५० मध्ये त्याने तो केमिकल सोसायटीसमोर मांडला.

वेळही नेमकी होती. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त होत चालली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं आणि लोक रांगा लावून मासे बघायला लागले. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी काचेच्या पेट्या ठेवायचं वेडच लागलं.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढची सगळी भानगड इथून सुरू होते. ही पेटी बनली ती बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. बाजूने काच, आत लख्ख पाणी, वर उजेड. गोल्डफिशला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगाळा-मांगूरच्या भाऊबंदांपैकी बहुतेक जण, वेगळ्या जगात राहतात. गढूळ पाणी, नदीचा तळ आणि रात्रीची वेळ. तिथे डोळ्यांचा उपयोग तो किती?

मासे विमानात बसले

जवळजवळ शंभर वर्षं घरातला टँक लहान आणि जड होता. लोखंडी चौकट, त्यात लांबी लावून बसवलेल्या काचा. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून मासे विमानाने पाठवता यायला लागले. आणि १९६० च्या दशकात सिलिकॉन आलं. चौकटीची गरज संपली, काचेला काच चिकटवून मोठे टँक बनायला लागले. टँक मोठे झाले तसे मोठे मासेही घरात आले.

यातला सगळ्यात देखणा म्हणजे रेड टेल कॅटफिश. पाठ काळपट, कडेने पांढरा पट्टा, शेपूट लाल-नारिंगी. ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला हा रहिवासी. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद १८०१ मध्येच केली होती. ब्राझीलमध्ये त्याला 'पिरारारा' म्हणतात. 'पिरा' म्हणजे मासा आणि 'अरारा' म्हणजे मकाव पोपट. नाव अगदी शोभतं.

दुकानात तो दोन-तीन इंचांचा मिळतो. मिशा हलवत तळाशी फिरतो, हातातून खातो, आपल्याला ओळखतोय असं वाटतं. मग वाढतो. पहिल्याच वर्षात फुटाच्या पुढे जाऊ शकतो आणि शेवटी चार फुटांपर्यंत. गळाला लागलेल्या रेड टेलचा विक्रम ५६ किलोंचा आहे! आणि तोंडात मावेल तो प्रत्येक मासा त्याच्या लेखी जेवण. जो मावत नाही, त्याच्याशी हद्दीवरून भांडण.

मिशिगनमधलं नाकाचं कोडं

हे भांडण समजून घ्यायचा पहिला मोठा प्रयत्न झाला अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात. जॉन टॉड, येल्ले आटेमा आणि जॉन बार्डाक या तिघांनी यलो बुलहेड नावाचा साधासुधा अमेरिकन कॅटफिश निवडला. १९६७ मध्ये त्यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला.

त्यांनी काय केलं? ज्यांना दिसत नाही अशा बुलहेडना दोन वेगवेगळ्या माशांच्या टँकमधलं पाणी देऊन फरक ओळखायला शिकवलं. मासे शिकले! नुसत्या पाण्यावरून हा अमका आणि तो तमका, हे त्यांना कळत होतं. मग त्यांची वास घेण्याची क्षमता काढून घेतली, तर ओळखही गेली. म्हणजे दादा कोण, शेजारी कोण आणि उपरा कोण, याची सगळी वही नाकात होती.

कॅटफिशचं अंगही काही कमी नाही. आटेमाच्या मोजणीप्रमाणे बुलहेडच्या कातडीवर आणि मिशांवर मिळून पावणेदोन लाखांहून जास्त स्वादकलिका असतात. आपल्या जिभेवर काही हजार. थोडक्यात, हा मासा म्हणजे पोहणारी जीभच. पण गंमत बघा, खाणं शोधायला चव पुरते. माणसं, म्हणजे मासे, ओळखायला मात्र वासच लागतो.

पुढे १९७१ मध्ये टॉडने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा आणखी एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. एका टँकमध्ये दोन बुलहेड ठेवले तर ते हद्दीवरून भांडतात. पण खूप सारे एकत्र, दाटीवाटीने ठेवले, तर भांडणं विरतात. इतकंच नाही, तर त्या गर्दीच्या टँकचं पाणी भांडणाऱ्या जोडीच्या टँकमध्ये सोडलं, तर तेही निवळतात. गर्दीच्या पाण्यातच 'शांत बसा' असा काहीतरी निरोप होता.

मग टँकमध्ये काय करायचं?

आता ग्रुपवरचे ते ठरलेले सल्ले परत बघा. एकाला चार-पाच दिवस बाहेर काढून परत सोडला की घमासान का होतं? दगड-लाकूड हलवलं, पाणीही सगळं बदललं, तरी का पेटतं? कारण त्या पाण्यात लिहिलेली ओळख आपण पुसून टाकलेली असते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एंजलफिशवर हेच तपासलं. जास्त पाणी एकदम बदललं तर मारामारी जास्त भडकत होती. पाव भाग बदललं तर परिणाम कमी. एंजलफिश काही कॅटफिश नाही, पण धडा कामाचा आहे: पाणी थोडं थोडं, पण नियमित बदला. प्रत्येकाला स्वतःचा पाइप किंवा कपार द्या, आणि एकमेकांपासून लांब द्या.

आणि गर्दीचा उपाय? तो रेड टेलला लावू नका. बुलहेड फूटभराचा मासा आहे. घरातला चार फुटी टँक साधारण दीड फूट रुंद असतो. त्यात तीन फुटांच्या माशाला मान वळवायलाही जागा नाही. असे दोन एकत्र ठेवून ते भांडत नसतील, तर ती मैत्री नव्हे. कदाचित हलायलाच जागा उरलेली नसेल.

आणि मग नदी

शेवटी मालक दमतो. परदेशातल्या सार्वजनिक मत्स्यालयांनीही असे मोठे झालेले मासे घेणं बरंचसं थांबवलंय, कारण देणारेच फार. मग कुणीतरी रात्री बादली उचलतो आणि धरण गाठतो. त्याला वाटतं, पुण्य केलं.

टँकची काच साफ करायला घेतलेला सकर फिश, हाही कॅटफिशच, असाच जगभर पसरला. मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात तो १९९० च्या दशकात दिसला आणि इन्फिएर्निलो जलाशयातल्या तिलापिया पकडणाऱ्यांचा धंदा त्याने खिळखिळा केला. आपल्या उजनीतही तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. अंगावर हाडांचं चिलखत, जाळं फाटतं, आणि बाजारात भाव शून्य. कुणाच्या तरी हॉलमधल्या शोभेचा भुर्दंड भिगवणचा कोळी भरतो.

वॉरिंग्टनच्या हिशोबात मासा, वनस्पती आणि गोगलगाय तिघंही बसले होते, कारण त्याने भांड्याच्या मापाचा मासा घेतला होता. तेव्हा दुकानात गेलात की किमतीच्या आधी एकच विचारा: "हा पूर्ण वाढला की केवढा होतो?" आणि आधीच घेऊन बसला असाल, तर दुकानदाराला परत द्या, मोठं तळं बांधलेल्या एखाद्या शौकीनाला द्या, पण नदीला देऊ नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पाणी पाव भागच बदला!