सैंधवाचं वय: ५ कोटी की ५४ कोटी?

उपासाच्या खिचडीत सैंधव घालताना ते किती जुनं असेल, असा प्रश्न पडलाय कधी? १९४०च्या दशकात याच प्रश्नावरून भारतातले भूवैज्ञानिक एकमेकांशी भांडत होते. मीठ होतं पंजाबच्या सॉल्ट रेंजमधलं, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या खेवडा खाणीच्या परिसरातलं.

मिठात शंखशिंपले सापडत नाहीत, मग वय काढायचं कसं? लखनऊच्या बिरबल सहानींनी मीठ विरघळवलं आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दिसले लाकडाचे बारीक तुकडे आणि कीटकांचे अवशेष. आता गंमत बघा. कॅम्ब्रियन काळात, म्हणजे साधारण ५४ ते ४९ कोटी वर्षांपूर्वी, जमिनीवर झाडंच नव्हती. १९४० सालच्या पत्रात मोबाइल नंबर सापडावा, तसं झालं हे! सहानी म्हणाले, मीठ इओसीन काळातलं, म्हणजे ५ कोटी वर्षांच्या आसपासचं.

पण डोंगरात हिंडणारे ई. आर. जी यांच्यासारखे भूवैज्ञानिक काही ऐकेनात. मिठाच्या वरच्या थरांत ट्रायलोबाइट होते, तेही कॅम्ब्रियन. खालचा थर वरच्याहून तरुण कसा? सहानींच्या बाजूचं उत्तर तयार होतं: जुने खडक सरकून नव्या मिठावर चढलेत. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण तिथले खडक खरंच सरकलेत, आणि सरकताना मिठानेच वंगणाचं काम केलंय.

शेवटी जी यांची बाजू खरी ठरली. आज हे मीठ कॅम्ब्रियनच्या सुरुवातीचं किंवा त्याच्या जरा आधीचं मानतात. मीठ पाण्यात विरघळतं, भेगांतून झिरपतं, पुन्हा गोठतं; नंतरच्या काळातला कचरा त्यात अडकायला एवढं पुरेसं आहे.

सहानी निष्काळजी होते असं मला अजिबात वाटत नाही. बाहेरची भेसळ होऊ नये म्हणून त्यांनी खटपट केली, न विरघळणारे थरही तपासले. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज भोगतो: टेस्ट दहादा चालवली तरी तेच उत्तर येतं, कारण घोळ टेस्टमध्ये नसतो, आत येणाऱ्या डेटातच असतो.

३ एप्रिल १९४९ला लखनऊमध्ये सहानींच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला नेहरूंनी बसवली. तिच्यात खरेखुरे जीवाश्म जडवलेत. आठवड्याभरात सहानी गेले. परागकणांवरून खडकांचं वय काढायचं काम तिथे अजूनही चालतं.

चला, पुढच्या भागात भेटू.